कंट्रोलचे दिवस

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही कोकणात आजोळी गेलो की नानी माझ्या हातात पिशवी आणि कार्ड देऊन म्हणायची, “जा रे बाबा, कंट्रोलातून साखर घेऊन ये.” दुकानावर पाटी होती ‘रास्त भाव धान्य दुकान’ अशी. पण ते नाव मी गावात कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. सगळ्यांच्या लेखी ते कंट्रोल. कंट्रोलची साखर, कंट्रोलचं रॉकेल, कंट्रोलचं कापड. कोण कुणाला कंट्रोल करतंय हे मला कळायचं नाही. एकदा दुकानदारालाच विचारलं, तर तो मापात साखर ओतता ओतता म्हणाला, “लढाईपासून असंच म्हणतात.” लढाई म्हणजे १९७१ ची, असं मला वाटलं, घरात तिच्याविषयी बोलणं व्हायचं. नानी हसली. म्हणाली, “ती नव्हे रे. मोठी लढाई. हिटलरची.”

हिटलरचा आणि आमच्या गावातल्या साखरेचा काय संबंध, हा प्रश्न तेव्हा माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. पुढे शब्दांशी खेळायचा नाद लागला, आणि लक्षात आलं की रेशन, कंट्रोल, परमिट, काळा बाजार, महागाई भत्ता, पागडी हे आपल्या रोजच्या बोलण्यातले शब्द एक तर त्या सहा वर्षांत मराठीत आले, नाही तर आधीचे असून तेव्हा घराघरांत पोचले. लढाई संपली, शब्द राहिले. आणि शब्द राहतो तेव्हा वस्तूही राहिलेली असते.

तेव्हा आज मी लढाईविषयी बोलणार आहे, पण रणांगणाविषयी नाही. तोफा, रणगाडे आणि सेनापती यांच्यावर पुस्तकं पुष्कळ आहेत. मी बोलणार आहे ते तांदूळ, लुगडं, रॉकेल, घरभाडं आणि घड्याळ यांच्याविषयी. इंग्रजीत याला ‘होम फ्रंट’ म्हणतात. आपण ‘घरची आघाडी’ म्हणू. दुसऱ्या महायुद्धात जपानी बॉम्ब कोलकात्यावर पडले, विशाखापट्टणमवर पडले, शेजारी कोलंबोवर पडले. मुंबईवर एकही पडला नाही. तरी १९३९ ची मुंबई आणि १९४५ ची मुंबई ही एकच शहरं होती असं म्हणवत नाही.

इंग्लंडमध्ये या घरच्या आघाडीची तयारी आधीपासून होती. १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या तीन-चार दिवसांत जवळपास १५ लाख माणसं, त्यात बहुतेक शाळकरी मुलं, शहरांतून खेड्यांत हलवली गेली. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि बेकन कार्डावर आलं. म्हणजे तुटवडा हाताबाहेर जायच्या आधीच रेशन आलं. १९४१ च्या डिसेंबरात तर बायकांनाही कायद्यानं युद्धकामाला जुंपता येईल अशी व्यवस्था झाली. लोकांनी हाल सोसले, पण आपण कशासाठी सोसतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि सोसायला लावणारं सरकार त्यांनीच निवडलेलं होतं.

आपल्याकडे ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जाहीर केलं की हिंदुस्थान युद्धात आहे. कुणाला विचारलं नाही, ना विधिमंडळाला ना पुढाऱ्यांना. पुढच्या दोन महिन्यांत काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले; मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं सरकार गेलं. लढाई आपली नाही, पण खर्च आपला, माणसं आपली आणि धान्यही आपलं, अशी ती विचित्र सुरुवात. सुमारे दोन लाखांची फौज लढाई संपेपर्यंत २५ लाखांवर गेली. एवढ्या माणसांना जेवण, कपडे, बूट, तंबू हे सगळं इथूनच जायचं होतं.

सामान्य माणसाला पहिला धक्का बसला तो खिशात. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागायला लागले. कागदावरचा विश्वास उडाला की माणूस धातूकडे धावतो. रुपये घराघरांत पुरले गेले. सरकारनं गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं गुन्हा ठरवलं, एक रुपयाची कागदी नोट काढली, नव्या रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४१ पासून जुने चांदीचे रुपये टप्प्याटप्प्यानं चलनातून बाद केले. राणीछाप रुपया पहिला गेला. आमच्या नानीच्या आईनं तो गळ्यात घातला आणि तो मोडायला कधीच कबूल झाली नाही. १९४३ साली तांबं वाचवायला पैशाच्या नाण्याला मधोमध भोक पाडलं. तो भोकाचा पैसा पुढे पोरांच्या करदोट्यात दिसायचा. लढाईला तांबं लागतं म्हणून मुंबईतल्या भाजीवालीच्या हातातल्या पैशाला भोक पडतं, इतकी ही गोष्ट सरळ होती.

घड्याळालाही लढाई लागली. १९४२ च्या सप्टेंबरात सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे केली गेली, आणि ती १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत तशीच राहिली. उजेड जास्त वापरला जावा, वीज आणि इंधन वाचावं हा हेतू. मुंबईत आधीच दोन वेळा होत्या: एक स्टँडर्ड टाइम आणि दुसरी तिच्याहून ३९ मिनिटं मागे असलेली जुनी मुंबईची वेळ, जी काही ठिकाणी १९५५ पर्यंत टिकून होती. त्यात ही तिसरी. नाना गोदीत कामाला होते. ते नव्या वेळेनं घराबाहेर पडत आणि नानी जुन्या वेळेनं भात लावी, म्हणून रोज भांडण. मशिदीत मात्र काही बदललं नाही. नमाजाची वेळ सूर्यावर असते आणि सूर्याला कुणी ऑर्डर पाठवली नव्हती.

आता महागाईकडे येतो, कारण खरी लढाई तिथं झाली. भाव का वाढले? माल कमी झाला म्हणून, हे अर्धं उत्तर. दुसरं अर्धं समजायला थोडा हिशेब लागतो. ब्रिटिश सरकार आपल्या युद्धासाठी इथून कापड, धान्य, चामडं, लाकूड असं सगळं विकत घेत होतं. त्याची किंमत ते लंडनमध्ये पौंडांत, आपल्या नावावर, जमा करत होतं. ते पैसे तिथंच पडून राहत. इथल्या शेतकऱ्याला, गिरणीला, ठेकेदाराला मात्र रुपये द्यावे लागत, आणि ते रुपये छापून दिले जात. १९३९ साली चलनात असलेल्या नोटा सुमारे १८० कोटी रुपयांच्या होत्या. १९४५ पर्यंत तो आकडा १२०० कोटींच्या आसपास गेला. बाजारात माल घटलेला आणि पैसा सहा-साडेसहा पट. मग भावाचं काय होणार? लढाईचा खर्च सरकारनं करातून थोडा आणि महागाईतून पुष्कळ वसूल केला. कर दिल्याची निदान पावती मिळते.

पगार मागे आणि भाव पुढे, अशी ही शर्यत. १९४० च्या मार्चमध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला तो पगारवाढीसाठी नव्हता, महागाई भत्त्यासाठी होता. ‘भाव वाढेल तसा पगाराला जोड द्या’ ही कल्पना या लढाईत इथं मुळं धरून बसली. आज दर सहा महिन्यांनी सरकारी कर्मचारी डीएच्या बातमीकडे डोळे लावून बसतात, त्या डीएचं मूळ तिथं आहे. ज्यांना भत्ता मिळाला ते तरले. शेतमजूर, विणकर, मोलकरीण, पेन्शनवर जगणारा म्हातारा यांना कुणी भत्ता दिला नाही.

मग १९४२ साल उजाडलं आणि समुद्र बदलला. आम्ही कोकणातले मुसलमान. आमच्या वस्त्यांत समुद्र म्हणजे पगार. रत्नागिरीच्या बाजूचे खलाशी पिढ्यान्‌पिढ्या विलायती कंपन्यांच्या जहाजांवर डेकवर राबत आले. स्वयंपाकाला आणि जेवण वाढायला गोव्याची माणसं, डेकवर आमची. गोऱ्या खलाशाच्या मानानं पगार कित्येक पट कमी. १९३९ साली लढाई सुरू झाल्याबरोबर इंग्लंडच्या बंदरांत हिंदी खलाशांनी जादा पगारासाठी काम नाकारलं, त्यात शेकडो जण तुरुंगात गेले. पण पगार थोडा वाढवून मिळाला. जहाज सैन्याचं नसलं तरी पाणबुडी काही ते विचारत नाही. २३ नोव्हेंबर १९४२ ला ‘तिलावा’ ही मुंबईहून आफ्रिकेला निघालेली प्रवासी बोट जपानी पाणबुडीनं हिंदी महासागरात बुडवली. ९५८ माणसांपैकी २८० गेली. वाचलेल्यांना घेऊन ब्रिटिश युद्धनौका मुंबईला आली तेव्हा धक्क्यावर कोण कुणाला शोधत होतं, याचं वर्णन नानीकडून मी अनेकदा ऐकलं आहे.

तिला ते सांगावंसं वाटे त्याला कारण होतं. तिचा धाकटा भाऊ त्याच वर्षी एका मालवाहू जहाजावर होता. त्याची पत्रं यायची ती सेन्सॉरनं काळी केलेली. जहाजाचं नाव नाही, बंदराचं नाव नाही. ‘मी खुशाल आहे, थंडी फार आहे’ एवढंच शिल्लक राहायचं. त्यावरून घरातल्या बायकांनी ओळखायचं की तो वरच्या समुद्रात आहे. मग पत्रं थांबली. काही महिन्यांनी जहाज कंपनीच्या ऑफिसातून कागद आला, त्यात एकच कामाचा शब्द होता: बेपत्ता. मेला असं नाही. आपल्या मजहबात विधवेला इद्दत आहे, तिला तारीख लागते. पुन्हा निकाह करायचा तर आधीचा संपला आहे हे कुणीतरी सांगावं लागतं. योगायोग असा की १९३९ सालीच, लढाई सुरू व्हायच्या काही महिने आधी, मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा झाला होता. त्यात चार वर्षं नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर बाईला कोर्टातून मोकळं होता येतं. कायदा होता, पण वस्तीतल्या किती बायकांना तो माहीत होता? नानीच्या भावजयीला, म्हणजे आम्ही जिला मामी म्हणायचो तिला, कुणी सांगितला नाही. तिचं वय तेव्हा एकोणीस होतं.

त्या लढाईत हिंदी नौदलाचे आणि व्यापारी जहाजांवरचे जे खलाशी समुद्रात गेले आणि ज्यांना कबर मिळाली नाही, अशा सुमारे साडेसहा हजारांची नावं एका पुस्तकात लिहिलेली आहेत. त्याची एक प्रत मुंबईत मशीद बंदरच्या खलाशांच्या वसतिगृहात आणि एक चितगावच्या स्मशानभूमीत ठेवली गेली. स्मारक म्हणून दगड नाही, पुस्तक. मला ते योग्य वाटतं.

समुद्रातून माणसं येईनाशी झाली तसा तांदूळही येईनासा झाला. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडलं. तोवर ब्रह्मदेशातून दरवर्षी १५ लाख टनांच्या आसपास तांदूळ हिंदुस्थानात यायचा. मुंबई आणि कोकण त्यावर बरेच अवलंबून. रॉकेलही बरंचसं तिकडचंच. म्हणजे एका बातमीसरशी चूल आणि दिवा दोन्ही अडचणीत. पेट्रोलवर तर आधीच मर्यादा होती. रस्त्यांवर मागे कोळशाची भट्टी बांधलेल्या मोटारी धावू लागल्या होत्या. घाट चढताना उतारूंना खाली उतरून ढकलावं लागे, ही आठवण त्या पिढीच्या प्रत्येक माणसाकडे होती.

१९४३ च्या मे महिन्यात मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच. यासाठी काय करावं लागलं याची कल्पना करा. लाखो घरांची मोजणी. प्रत्येक घराला कार्ड, प्रत्येक माणसाचं युनिट, मुलाचं निराळं. कोणत्या गल्लीनं कोणत्या दुकानातून घ्यायचं हे ठरलेलं. धान्य खरेदी करायचं ते सरकारनं, आणण्याची जबाबदारीही सरकारची. ज्या सरकारचा संबंध सामान्य माणसाशी पोलीस आणि तलाठी यांच्यापुरता होता, ते आता रोज त्याच्या चुलीपर्यंत आलं. आम्हा भात खाणाऱ्यांच्या पिशवीत ज्वारी पडली. नानीला भाकरी येत होती, पण तांदळाची. ज्वारीची थापायला ती चाळीतल्या सोलापूरच्या एका बाईकडून शिकली, आणि त्या बाईला तिनं मच्छीचं सार शिकवलं. रांगेत काही मैत्र्याही झाल्या, हे सांगायला हवं.

मोजणीला आलेल्या कारकुनाची गोष्ट आमच्या घरात फार सांगितली जायची. त्यानं विचारलं, “घरात माणसं किती?” नानीनं सांगितली. मामी आतून म्हणाली, “एक राहिला.” नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, खुणेनं सांगितलं. कारकून म्हणाला, “बाई, घरात नसलेल्या माणसाला युनिट नाही. आला की कळवा, चढवून देऊ.” तो काही वाईट माणूस नव्हता. पण मामीनं ते वाक्य धरून ठेवलं. आला की कळवा.

रांगेला, भेसळीला, खड्यांना लोकांनी शिव्या दिल्या, आणि द्यायलाच हव्या होत्या. पण त्याच १९४३ साली बंगालमध्ये काय झालं ते शेजारी ठेवून पाहिलं की त्या कार्डाची किंमत कळते. तिथंही ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला होता. जपानी येतील म्हणून किनाऱ्यावरच्या होड्या आणि तांदूळ सरकारनंच काढून घेतले होते. १९४२ च्या ऑक्टोबरात वादळ झालं, त्यात पिकं गेली. सैन्यासाठी आणि कोलकात्याच्या कारखान्यांसाठी वाटेल त्या भावानं खरेदी चालू राहिली, व्यापाऱ्यांनी साठे दाबले, आणि खेड्यातल्या मजुराच्या हातात ना भत्ता ना कार्ड. सरकारी चौकशीनं मृतांचा अंदाज १५ लाख केला. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. कोलकात्यात रेशनिंग आलं ते १९४४ च्या जानेवारीअखेर. तोवर फूटपाथ माणसांनी भरले होते. लढाई एकच, सरकार एकच, तुटवड्याचं कारणही बरंचसं एकच. मुंबईत माणसं रांगेत उभी होती आणि बंगालमध्ये रस्त्यात पडली होती. मधला फरक कारभाराचा होता. मला तरी त्या दुष्काळाचं दुसरं स्पष्टीकरण पटलेलं नाही.

कापडाची कथा गिरण्यांच्या शहरात आणखी टोचणारी. गिरण्या रात्रंदिवस चालत होत्या, भोंगे वाजत होते, आणि ते कापड विणणाऱ्याच्या घरात लुगडं नव्हतं. मोठा वाटा खाकीचा, सैन्याचा. १९४३ च्या मध्यापर्यंत कापडाचे भाव लढाईआधीच्या चार-पाच पटींवर गेले, तेव्हा जूनमध्ये सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं, किमती ठरवल्या, गरिबांसाठी ‘स्टँडर्ड’ कापड काढलं. नानी सांगे, त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांनी कफनाचं कापड आधीच मिळवून पेटीच्या तळाशी ठेवलं होतं. मरणाची नव्हे, उघडं जाण्याची भीती.

जिथं ठरवलेला भाव आणि खरा भाव यांत अंतर पडतं तिथं तिसरा माणूस उभा राहतो. ‘ब्लॅक’ हा शब्द तेव्हा घराघरांत पोचला. काळा बाजार करणारा सुरुवातीला अंधारात असे. लढाई संपेपर्यंत तो मोटारीतून फिरू लागला, देणग्या देऊ लागला. लोकही ‘ब्लॅकनं आणलं’ हे जरा अभिमानानं सांगू लागले. लढाईनं केलेल्या नुकसानात मी हे फार वरचं धरतो.

अंधार तर खराखुराही होता. ब्लॅकआउट, मोटारींचे अर्धे रंगवलेले दिवे, एआरपीच्या शिट्ट्या. अंधारात माणसाचा कान तीक्ष्ण होतो, आणि त्या काळचा कान रेडिओला लागलेला होता. सरकारी बातम्या एक सांगत. बर्लिनहून आणि पुढे सिंगापूरहून सुभाषबाबूंचा आवाज दुसरं सांगे. १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत तर मुंबईतच, पोलिसांच्या नाकाखाली, उषा मेहता आणि त्यांचे सोबती ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. एकाच घरात तीन खरी जगं ऐकू येत. खरं काय ते न कळणं, हीसुद्धा घरच्या आघाडीवरची एक टंचाईच होती.

तिचा कळस झाला १४ एप्रिल १९४४ ला. ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज व्हिक्टोरिया गोदीत उभं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच सोबतीला कापसाच्या गासड्या. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरू नये हे कुणालाही कळावं. पण लढाईत जहाजं कमी, जागा कमी, मग सगळं चालतं. दुपारी आग लागल्याचं कळलं. चारनंतर काही मिनिटांत पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मांडवी, मशीद बंदर, डोंगरीच्या बाजूनं पेटलेला कापूस आकाशातून पडत होता. जहाजावर बँकेसाठी आलेलं सोनं होतं. त्यातली एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली आणि त्यांनी ती परत केली. मृतांचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितले जातात. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. १४ एप्रिलपासून दरवर्षी अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. हजारो टन धान्य जळालं, तेही रेशनच्या काळात.

आणि बातमी? स्फोटाची तपशीलवार बातमी सगळ्यात आधी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं, दुसऱ्याच दिवशी. इथल्या वार्ताहरांना ती पाठवायला सेन्सॉरनं मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मोकळीक दिली नाही. ज्यांच्या डोक्यावर छप्पर राहिलं नव्हतं त्यांना काय झालं ते महिनाभर कुणी सांगितलं नाही. नाना त्या दिवशी दुसऱ्या पाळीला होते म्हणून वाचले, की पहिलीला होते म्हणून, यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. खोलीची एक भिंत गेली. नानी मुलांना आणि मामीला घेऊन गावी आली आणि पुन्हा मुंबईला राहायला गेली नाही.

लढाई माणसांना अशी हलवते. कुणी मुंबईहून कोकणात आलं, तर कुणी पोलंडहून कोल्हापूरला. होय, कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं, सैबेरियातून इराणमार्गे आलेली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि त्याचं उल्हासनगर झालं.

१९४५ च्या ऑगस्टात लढाई संपली. मिठाई वाटायला साखर नव्हती. १९४६ साली तर रेशन आणखी घटवून माणशी रोज बारा औंसांवर आणलं, म्हणजे साडेतीनशे ग्रॅमलाही कमी. डिसेंबर १९४७ मध्ये, गांधीजींच्या आग्रहानं, नियंत्रणं उठवली. भाव असे भडकले की वर्षभराच्या आत ती परत आणावी लागली. इंग्लंडमध्ये शेवटचं रेशन १९५४ च्या जुलैत संपलं आणि कार्ड इतिहासजमा झालं. आपल्याकडे तेच कार्ड पुढे घराचा पुरावा बनलं. मुंबईच्या चाळींची भाडी तर लढाईत गोठली ती गोठलीच. १९४७ च्या कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण भाडं मानलं, आणि १९९९ मध्ये नवा कायदा होईपर्यंत तोच पाया राहिला. भाडेकरू रस्त्यावर आला नाही, हे खरं. मालकानं डागडुजी सोडली, पागडीचा धंदा फोफावला आणि इमारती वाकल्या, हेही खरं. आजही पावसाळ्यात एखादी जुनी चाळ कोसळल्याची बातमी आली की मला त्या तारखेची आठवण होते.

मामी नानीकडेच राहिली. चार वर्षं झाली, कायद्याची मुदत उलटून गेली, कंपनीकडून थोडे पैसेही आले. कुणीतरी तिला कोर्टाचं सांगितलं तोवर तिशी उलटली होती आणि तिनं नको म्हटलं. मला आठवतं त्या काळात, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी, कार्ड नवीन करून घ्यायचं होतं आणि मी तिच्याबरोबर तालुक्याला गेलो होतो. कारकुनानं फॉर्म भरताना विचारलं, “नवरा हयात की मयत?”

मामी म्हणाली, “जहाजावर आहेत.”

त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा रकाना भरायला घेतला.